पाण्याच्या खात्यावरील विषाची बाकी

पिकावरील कीड मारण्याकरितां आपण जें द्रव्य फवारतों त्यास आपल्या बोलींत 'औषध' असें म्हणतात. कपाशीला औषध मारलें, आंब्याला औषध दिलें, असें आपण सहज बोलून जातों. झाडाच्या दृष्टीनें पाहतां हें नांव वावगें नाहीं. परंतु ज्या जीवाच्या पोटांत तें द्रव्य जातें त्याच्या दृष्टीनें तें विषच होय. नांवांतील या गोडव्यामुळें एक गोष्ट आपल्या ध्यानांतून निसटते. ती ही कीं, किडीचें काम संपलें म्हणून विषाचें काम संपत नाहीं. पानावर जेवढें बसलें तेवढें बसलें. उरलेलें जमिनीवर पडतें, वाऱ्यावर उडतें, आणि पाऊस आला कीं बांधावरून ओहोळांत, ओहोळांतून नाल्यांत आणि नाल्यांतून तळ्यांत किंवा नदींत उतरतें. उताराचें पाणी जेथें जातें तेथें शेताचा मळ जातो, हें शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको.

पाण्यांत उतरलेल्या या विषाचें पुढें काय होतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. बहुतेकांची समजूत अशी असते कीं, एवढ्या मोठ्या पाण्यांत एवढेंसें विष काय करणार? तें विरून जाईल, वाहून जाईल, उन्हानें नाहींसें होईल. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असें नाहीं. कित्येक द्रव्यांच्या बाबतींत ती पुष्कळ अंशीं खरी आहे. परंतु कांहीं विषें अशीं आहेत कीं, तीं पाण्यांत विरळ होतात आणि त्याच वेळीं त्या पाण्यांतील जीवांच्या अंगांत दाट होत जातात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. तेथें थकबाकीचा एक नियम पाहावयास मिळतो: दरसालची रक्कम कितीही लहान असली तरी ती न फिटतां पुढील सालच्या खात्यावर ओढली गेली, म्हणजे कांहीं वर्षांनीं तीच रक्कम खातेदारास जमिनीवरून उठविते. पाण्यांतील या विषांचा हिशेब अगदीं असाच चालतो. तो कसा, हें समजून घेण्यासाठीं प्रथम परदेशांतील एका तळ्याची हकीकत सांगतों. कारण तेथें हा हिशेब मोजमापानें मांडला गेला आहे.

क्लिअर लेकची हकीकत

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस सुमारें १०० मैलांवर क्लिअर लेक नांवाचें एक मोठें नैसर्गिक तळें आहे. गळ टाकून मासे धरण्याचा ज्यांस छंद आहे असे लोक तेथें दूरदूरून येतात. या तळ्याच्या कांठीं एका जातीच्या चिलटांचा फार उपद्रव असे. हीं चिलटें चावत नसत. परंतु त्यांच्या झुंडींनीं कांठचे रहिवासी व येणारे पाहुणे त्रासून जात. दुसरें महायुद्ध संपलें त्या सुमारास डी.डी.टी. या कीटकनाशकाचा सर्वत्र बोलबाला झाला होता. पॉल म्यूलर या स्विस रसायनशास्त्रज्ञानें त्याची कीटक मारण्याची शक्ति १९३९ सालीं शोधून काढिली, व त्याबद्दल त्यास १९४८ सालीं नोबेल पारितोषिकही मिळालें. त्याच कुळांतील डी.डी.डी. नांवाचें द्रव्य माशांस कमी अपायकारक म्हणून क्लिअर लेककरितां मुद्दाम निवडण्यांत आलें.

वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें काम कोणीं आंधळेपणानें केलें नव्हतें. तळ्यांत पाणी किती याचा अंदाज घेऊन, मात्रा ठरवून, मगच औषध सोडण्यांत आलें. १९४९ सालीं प्रमाण धरलें तें पाण्याच्या ७ कोटी भागांस विषाचा १ भाग. चिलटें जवळजवळ नाहींशीं झालीं व सर्वांस समाधान वाटलें. कांहीं वर्षांनीं तीं पुन्हां वाढलीं, म्हणून १९५४ सालीं ५ कोटी भागांस १ भाग या प्रमाणानें दुसऱ्यांदा आणि १९५७ सालीं त्याच प्रमाणानें तिसऱ्यांदा औषध सोडलें. ५ कोटी भागांस १ भाग म्हणजे ५० हजार लिटर पाण्यांत अवघा एक ग्रॅम. इतक्या विरळ विषानें कोणाचें कांहीं बिघडेल अशी शंकाही कोणास येण्याचें कारण नव्हतें.

त्या तळ्यावर पाणबुड्यांच्या जातीचा एक मोठा, मासे खाणारा पक्षी राहत असे. आपल्याकडील तळ्यांवर दिसणारी टिबुकली ही त्याची धाकटी भाऊबंद. या पक्ष्यांचीं सुमारें १,००० जोडपीं तेथें घरटीं करीत. १९५४ सालच्या फवाऱ्यानंतर आलेल्या हिवाळ्यांत शंभराहून अधिक पक्षी मरून पडलेले आढळले. सांथीचा रोग असावा म्हणून तपास केला, परंतु रोग सांपडला नाहीं. १९५७ नंतर पुन्हां पक्षी मेले, तेव्हां कोणाच्या तरी मनांत आलें कीं यांची चरबी तपासून पाहावी. ती तपासली असतां तिच्यांत १० लाख भागांत १,६०० भाग इतकें डी.डी.डी. निघालें. पाण्यांत तेंच प्रमाण १० लाख भागांत एका भागाच्या पन्नासाव्या हिश्शाहून जास्त कधींच नव्हतें. म्हणजे पाण्यापासून पक्ष्यापर्यंत जातां जातां विष ८० हजार पट दाट झालें होतें.

मग पायरीपायरीनें तपास झाला. पाण्यावर तरंगणाऱ्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या सूक्ष्म जीवांत १० लाख भागांत सुमारें ५ भाग विष आढळलें. असल्या बारीकसारीक खाद्यावर वाढणाऱ्या माशांच्या चरबींत तें ४० पासून ३०० भागांपर्यंत गेलें. दुसरे मासे खाणाऱ्या माशांत त्याहून अधिक. त्यांतील एकांत तर २,५०० भाग निघाले. आणि नवल असें कीं, शेवटच्या फवाऱ्यानंतर थोड्याच काळानें तळ्याचें पाणी तपासलें तेव्हां त्यांत विषाचा मागमूसही राहिला नव्हता. पाणी निर्मळ दिसत होतें. विष पाण्यांतून निघून तळ्याच्या जीवांत जाऊन बसलें होतें. १९६० सालीं त्या पक्ष्यांचीं सुमारें ३० जोडपींच उरलीं होतीं, आणि तींही पिलें वाढवीत नव्हतीं. ज्या चिलटांसाठीं हा सारा खटाटोप केला त्यांच्यांत मात्र विष पचविणारी पिढी निपजूं लागली. रेचेल कार्सन या विदुषीनें १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'सायलेंट स्प्रिंग' या ग्रंथांत ही हकीकत सांगितली आणि ती जगभर गाजली.

बाकी कशी चढते

हें असें कां व्हावें? याचीं कारणें तीन आहेत, आणि तिन्ही शेतकऱ्यास सहज समजण्याजोगीं आहेत.

पहिलें कारण असें कीं, डी.डी.टी. व त्याच्या कुळांतील द्रव्यें पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहींत; तीं तेलांत व चरबींत विरघळतात. तुपाचा हात नुसत्या पाण्यानें धुवूं गेल्यास तूप जसें हातावरच राहतें, तसें हें विष पाण्यांत असतांही पाण्याचें होत नाहीं. मिळेल तेथें चरबीचा आश्रय शोधतें. मासा श्वासासाठीं पाणी सारखें कल्ल्यांवरून खेळवीत असतो. पाण्यांत प्राणवायु थोडा असल्यामुळें त्यास पुष्कळ पाणी खेळवावें लागतें, आणि त्यांतील विषाचा कण न् कण त्याच्या अंगीं लागण्याचा संभव असतो.

दुसरें कारण असें कीं, हीं द्रव्यें शरीरास सहजासहजीं मोडतां येत नाहींत व लघवीवाटें लवकर बाहेर टाकतांही येत नाहींत. पालेभाजी खाल्ली तर ती पचते व तिचा चोथा बाहेर पडतो. परंतु हें विष पोटांत गेलें कीं खात्यावर जमाच होत जातें, फारसें खर्ची पडत नाहीं. मातींत पडलेलें डी.डी.टी. सुद्धां अर्धें कमी होण्यास कित्येक वर्षें घेतें, आणि तें मोडून त्याचें डी.डी.ई. झालें तरी तेंही तितकेंच चिवट असतें.

तिसरें कारण खाण्याच्या उतरंडीचें. एक किलो वजन वाढण्यासाठीं माशास कित्येक किलो खाद्य खावें लागतें. खाद्याचा बराचसा भाग हालचालींत व श्वासोच्छ्वासांत जळून जातो. पण त्यांतील विष जळत नाहीं, तें खाणाऱ्याकडे राहतें. शेवाळावरच्या सूक्ष्म जीवांचें विष धाकट्या माशाकडे, अशा शेंकडों धाकट्या माशांचें मोठ्या माशाकडे, आणि अशा अनेक मोठ्या माशांचें बगळ्याकडे, पाणकावळ्याकडे किंवा माणसाकडे येतें. अनेक लहान खात्यांची बाकी एकाच मोठ्या खात्यावर ओढली जावी तसा हा प्रकार आहे. उतरंडींत जो जितका वर, त्याच्या माथीं तितकी मोठी रक्कम.

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील कार्मन्स नदीच्या मुखाशीं मच्छरांच्या बंदोबस्तासाठीं सुमारें २० वर्षें डी.डी.टी. फवारलें जात होतें. तेथील मोजणी १९६७ सालीं प्रसिद्ध झाली. पाण्यांत १० लाख भागांत ०.००००५ भाग, सूक्ष्म जीवांत ०.०४, लहान चंदेरी माशांत ०.२३, त्यांस खाणाऱ्या लांब चोंचीच्या माशांत २.०७ आणि पाणकावळ्यांत २६.४ भाग. पहिल्या आंकड्यापासून शेवटच्या आंकड्यापर्यंतची वाढ पांच लाख पटींहून अधिक आहे. आरंभींचा आंकडा जो वाचील तो म्हणेल, हें पाणी शुद्धच आहे. परंतु तळ्याचा हिशेब पाण्याच्या एका रकान्यावरून करणें म्हणजे गांवची स्थिति चालू सालच्या वसुलावरून ठरविण्यासारखें आहे. मागील बाकीचा रकाना पाहिल्याखेरीज खरी गोष्ट कळत नाहीं.

या बाकीची वसुलीही मोठी निष्ठुर असते. जोंवर प्राणी धष्टपुष्ट असतो तोंवर विष चरबींत गुपचूप पडून राहतें. थंडी पडली, उपास घडला, अंडीं घालण्याचे दिवस आले, कीं शरीर चरबी खर्च करूं लागतें आणि दडलेलें विष एकदम रक्तांत उतरतें. ऐन दुष्काळांत सावकार दारीं यावा तसें हें होतें. शिवाय पक्ष्यांत दुसराही एक अनर्थ दिसून आला. डी.डी.ई. मुळें अंड्याच्या कवचांत चुना पुरेसा बसत नाहीं. कवच पातळ होऊन अंडें उबविणाऱ्या आईच्या भारानेंच फुटतें. डेरेक रॅटक्लिफ या इंग्रज संशोधकानें जुन्या संग्रहांतील अंडीं व नवीं अंडीं ताडून पाहून १९६७ सालीं ही गोष्ट पुढें मांडिली. पक्षी मरत नव्हता, परंतु त्याचा वंश मरत होता. आपण सस्तन प्राणी अंडीं घालीत नाहीं म्हणून निश्चिंत राहण्याचें कारण नाहीं. गाईम्हशींच्या दुधांत व तुपांत, इतकेंच नव्हे तर मातेच्या दुधांतही, हीं द्रव्यें आपल्या देशांत व इतरत्र आढळलेलीं आहेत. कारण दुधांत चरबी असते, आणि चरबी हेंच त्यांचें घर.

जुनीं विषें गेलीं. नव्यांचा हिशेब निराळा

येथें कोणी म्हणेल कीं, या गोष्टी जुन्या झाल्या. हें म्हणणें कांहीं अंशीं खरें आहे. अमेरिकेनें १९७२ सालीं डी.डी.टी.चा शेतींतील वापर बंद केला. आपल्या देशांत तो १९८९ सालीं बंद झाला; रोगवाहक डांसांच्या व माश्यांच्या बंदोबस्तासाठीं आरोग्य खात्याचा वापर तेवढा त्यानंतरही चालू राहिला. खेड्यापाड्यांत ज्याचें नांव भीतीनें घेतलें जाई तें एंड्रीन आणि घरोघर ठाऊक असलेली बी.एच.सी. पावडर यांवरही पुढें बंदी आली. केरळांतील कासरगोड जिल्ह्यांत काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरांतून वर्षानुवर्षें फवारलेल्या एंडोसल्फानमुळें तेथील लोकांच्या प्रकृतीवर जे परिणाम झाले त्यांची चर्चा देशभर झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानें १३ मे २०११ रोजीं त्या द्रव्याची निर्मिति व विक्री थांबविली. अशा चिवट विषांचा जगांतून नायनाट करण्याचा करार स्टॉकहोम येथें २००१ सालीं झाला असून आपल्या देशानें तो २००६ सालीं मान्य केला.

आज आपण वापरतों त्यांपैकीं बहुतेक औषधें डी.डी.टी.सारखीं पिढ्यान्‌पिढ्या सांचत नाहींत. सत्यास धरून एवढें म्हटलेंच पाहिजे. परंतु जीं सांचत नाहींत तीं पाण्यास निर्धोक, असा अर्थ मात्र कोणीं घेऊं नये. सायपरमेथ्रीनच्या जातीचीं औषधें घ्या. माणसाचें व गुराचें शरीर तीं बऱ्याच अंशीं मोडून बाहेर टाकूं शकतें. माशाच्या अंगीं ती शक्ति फार थोडी. एक लिटर पाण्यांत एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढ्या प्रमाणास सुद्धां कित्येक जातींचे मासे प्रयोगांत मरतात. झिंग्यांस व पाण्यांतील किड्यांस तर त्याहूनही कमी पुरतें. आतां हिशेब करून पाहूं. मध्यम आकाराच्या शेततळ्यांत सुमारें २० लाख लिटर पाणी मावतें. २० लाख लिटरांस वरील प्रमाण येण्यास दोन ग्रॅम मूळ विष लागेल. शेंकडा २५ टक्क्यांच्या सायपरमेथ्रीनच्या बाटलींतून हे दोन ग्रॅम ८ मिलिलिटरांत निघतात. म्हणजे बाटलीच्या एका झांकणाएवढें औषध! त्यांतील बराच भाग गाळास व शेवाळास चिकटून निरुपद्रवी होतो हें खरें. परंतु जें काम एका झांकणावर येऊन ठेपलें आहे त्यांत गाळाच्या दयेवर विसंबणें शहाणपणाचें नव्हे. पंप तळ्यांत बुडवून धुणाऱ्यानें हा हिशेब एकवार अवश्य करावा.

दुसरा मार्ग उपासमारीचा आहे. इमिडाक्लोप्रिडच्या वर्गांतील औषधें पाण्यांत चांगलीं विरघळतात, म्हणून तीं मुळावाटें झाडांत चढतात आणि त्याच गुणामुळें निचऱ्याच्या पाण्याबरोबर तळ्यांतही जातात. माशांस तीं थेट फारसें मारीत नाहींत. मासे ज्या सूक्ष्म जीवांवर व किड्यांवर जगतात त्यांस मारतात. जपानांतील शिंजी सरोवराभोंवतीं भाताचीं खाचरें आहेत. १९९३ सालापासून तेथें या वर्गांतील औषधें वापरूं लागले. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असें दाखविलें आहे कीं, त्यानंतर सरोवरांतील सूक्ष्म जलजीवांचें वसंतऋतूंतील वजन सरासरीनें ८३ टक्के घटलें, आणि त्यांवर जगणाऱ्या लहान माशांची वर्षाची धरणी २४० टनांवरून २२ टनांवर आली. मेलेला मासा कोणीं तरंगतांना पाहिला नाहीं. ताटांतील अन्न काढून घेतल्यावर पाहुण्यास निराळें विष घालावें लागत नाहीं.

आमचा त्यांत काय संबंध

भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील मालगुजारी तलाव घ्या, कोंकणांतील वहाळ व खाड्या घ्या, किंवा देशावरील नवीं शेततळीं घ्या. शेताचें पाणी व माशांचें पाणी आपल्याकडे निराळें नाहीं. मृगाच्या पहिल्या पुरांत कोंकणांत व घाटमाथ्यावर चढणीचे मासे ओहोळांतून उलटे चढून खाचरांत येतात, तेथें अंडीं घालतात, आणि गोरगरिबांच्या घरीं त्या दिवसांत कालवण होतें. उन्हाळाभर बागांत व शेतांत फवारलेलें जें कांहीं मातीवर सांचलें असेल तें धुऊन आणणारें पाणीही तेंच. वर चढणारा जीव आणि खालीं उतरणारें विष यांची गांठ त्या ओहोळांतच पडते. तळ्याचा मासा हा धीवर कुटुंबाचा रोजगार आहे आणि अनेक घरांतील लेंकरांचें पौष्टिक अन्न आहे. तो नाहींसा झाल्यास पहिली झळ जमीन नसलेल्यांस लागते, आणि त्यांनीं फवारणी केलेली नसते.

परंतु धर्मबुद्धि क्षणभर बाजूस ठेविली तरी शेतकऱ्याचा स्वार्थ याच पाण्यांत आहे. बेडूक व चतुर हे आपले बिनपगारी चाकर. चतुराचीं पिलें पाण्यांत वाढतात व डांसांच्या अळ्या खातात. मोठेपणीं चतुर पिकावरचीं उडतीं पाखरें धरतात. पाणी विषारी झालें कीं हे चाकर कामावरून जातात आणि कीड तेवढी परत येते, कारण किडीची पिढी लवकर वाढते व विष पचविण्यास लवकर शिकते. मग औषध वाढवावें लागतें, खर्च वाढतो, आणि पाण्याच्या खात्यावर आणखी एक रक्कम चढते. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. तें संकट डोळ्यांसमोर घडलें म्हणून त्याची वाच्यता झाली. पाण्यांतील बाधा मुकी असते. तिचा पंचनामा होत नाहीं.

करावयाच्या गोष्टी

फवारणी अजिबात सोडा, असा उपदेश करण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतु नाहीं. बोंडअळीनें पीक गेलेल्या शेतकऱ्यास तो उपदेश करणें निर्दयपणाचें होईल. परंतु पुढील गोष्टी बहुतेकांच्या हातांतल्या आहेत.

पंप, बादली किंवा औषधाची बाटली विहिरींत, ओढ्यांत वा तळ्यांत कदापि धुवूं नये. रिकामी बाटली तीन वेळां विसळून तें पाणी पंपांतच ओतावें व पिकावरच फवारून संपवावें. बाटलीस भोंकें पाडून ती निरुपयोगी करावी. तींत तेल, दूध किंवा बियाणें ठेवूं नये. उरलेलें मिश्रण बांधावर ओतण्यापेक्षां पहिल्यानेंच मोजून तयार करावें.

आभाळ भरून आलें असतां व वारा तळ्याकडे वाहत असतां फवारणी करूं नये. ओढ्याच्या किंवा तळ्याच्या कांठीं दहा-पंधरा हातांची पट्टी फवारणीवांचून सोडून तीवर दाट गवत राखावें. तें वाहत्या पाण्याचा वेग मोडतें, गाळ अडवितें व गाळास चिकटलेलें विष तेथेंच थांबवितें. वैरण मिळते ती वेगळीच. मात्र शेजारच्या फवाऱ्याचा शिडकावा तीवर पडला असेल तर ती लगेच कापूं नये. भाताच्या खाचरांत औषध मारल्यावर कांहीं दिवस पाणी कोंडून ठेवावें, लगेच फोडूं नये.

औषधाच्या डब्यावर चौकटींत रंगीत त्रिकोण असतो. लाल सर्वांत जहाल, त्याखालीं पिवळा, मग निळा व शेवटीं हिरवा. हा क्रम पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु तो रंग मनुष्य व जनावरें यांस होणाऱ्या विषबाधेवरून ठरविलेला असतो, माशांवरून नव्हे. सबब निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहून तळ्याच्या बाबतींत निर्धास्त होऊं नये. डब्यासोबतच्या पत्रकांत मासे व जलचर यांविषयीं काय लिहिलें आहे तें वाचावें, व वाचतां न येणाऱ्या मजुरास तें वाचून दाखवावें.

ठरलेल्या वारीं फवारण्याची चाल सोडून कीड मोजून फवारावें. कामगंध सापळे लावले, पानें उलटून पाहिलीं, आणि कीड नुकसानीच्या पातळीखालीं आहे असें दिसलें, तर त्या खेपेचें औषध वाचतें. आरंभींच्या किडीस शेंकडा ५ टक्क्यांचा निंबोळी अर्क, म्हणजे १०० लिटर पाण्यास ५ किलो निंबोळ्यांचा, पुष्कळदां पुरतो. तोही तळ्यांत ओतण्याची वस्तु नव्हे, हें मात्र विसरूं नये.

शेवटची गोष्ट फार कठोरपणें सांगण्याजोगी आहे. उन्हाळ्यांत डोहांतलें पाणी आटलें कीं कोणी कोणी पिकाचें औषध ओतून मासे मारतात व ते बाजारांत विकतात. ज्याच्या पोटांत तो मासा जातो त्याच्या घरीं विष पोंचविण्याचाच हा धंदा आहे, आणि डोहांतील बारीक जीव मरतात ते निराळे. पाण्यांत विष टाकून मासे मारणें हा अपराध १८९७ सालच्या मत्स्यविषयक कायद्यानेंच ठरविला होता. म्हणजे आजच्या औषधांचा जन्म होण्यापूर्वींच्या लोकांसही त्यांतील अनर्थ कळत होता. गांवच्या प्रतिष्ठित खातेदारांनीं मनावर घेतल्यास हा प्रकार एका उन्हाळ्यांत बंद पडेल.

थकबाकीचा जसा एक नियम आहे तसा दुसराही आहे: नवी रक्कम चढणें थांबलें तर जुनी बाकी हळूहळू कां होईना, फिटते. डी.डी.टी. बंद झाल्यावर अमेरिकेंतील पांढऱ्या डोक्याचे मत्स्यभक्षक गरुड, जे नामशेष होण्याच्या मार्गाला लागले होते, पुन्हां वाढले. इतके कीं २००७ सालीं त्यांचें नांव तेथील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींतून काढून टाकण्यांत आलें. क्लिअर लेकवरही पुढें पक्ष्यांचीं पिलें दिसूं लागलीं, आणि १९६७ सालीं चिलटांच्या बंदोबस्तासाठीं त्या तळ्यांत नव्या जातीचे लहान मासे सोडण्यांत आले. जें काम तीन वेळां विष ओतून साधलें नाहीं तें शेवटीं माशांकडे सोंपवावें लागलें.

आपल्या शिवारांतील पाणी ज्या उतारानें जातें तो उतार आपणांस ठाऊक आहे. येत्या हंगामांत प्रत्येकानें आपल्या बांधावर उभें राहून तो एकदां नजरेखालीं घालावा, आणि पंप कोठें धुतला जातो हें आपल्या गड्यास विचारावें, एवढीच सर्व शेतकरी बंधूंस विनंती आहे.